जहाज नसलेलं पुस्तक : मिया अल्वार यांचा कथासंग्रह 'इन द कंट्री'

या पुस्तकातल्या नऊ गोष्टींपैकी एकही जहाजावर घडत नाही. ही माझी पहिली तक्रार, आणि ती आधीच नोंदवून मोकळा होतो. कमावण्यासाठी घर सोडलेला फिलिपिनो म्हटलं की मला इंजिन रूमच दिसते. मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर आहे. हाताखाली फिटर फिलिपिनो, मोटरमन फिलिपिनो, साफसफाई करणारा वायपर फिलिपिनो. वर डेकवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आणि गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, कुकही बहुतेक वेळा त्यांचाच. जगभरच्या जहाजांवर इतके फिलिपिनो खलाशी असताना फिलिपिनो स्थलांतरितांवरच्या संग्रहात बोटीवरची एक गोष्ट नसावी, हे जरा अतीच झालं.

तरीही पुस्तक घ्या. का ते सांगतो.

'इन द कंट्री' हा मिया अल्वार यांचा पहिला संग्रह, २०१५ साली क्नॉफ या अमेरिकन प्रकाशनाने काढला. बाई मनिलात जन्मल्या, बहारीन आणि न्यूयॉर्कमध्ये वाढल्या. गोष्टीही याच तीन ठिकाणांभोवती फिरतात, मध्ये सौदी आणि बॉस्टनही येतं. पहिल्या पुस्तकासाठी अमेरिकेत दिलं जाणारं पेन/रॉबर्ट बिंगहॅम पारितोषिक याला मिळालं. पारितोषिकाच्या शिक्क्यावर माझा फारसा विश्वास नाही, पण या वेळी परीक्षकांनी पुस्तक खरंच वाचलं होतं असं वाटतं.

जहाजावर राहून फिलिपिनो माणसाबद्दल जे कळतं ते मेसरूमपुरतं. तिन्ही त्रिकाळ भात. शनिवारी कॅराओके, त्यात मार्क देणारं मशीन, आणि बेसूर गाणाऱ्याला हमखास ९८. सप्टेंबर लागला की ख्रिसमसची गाणी सुरू. काहीही सांगा, उत्तर 'ओके सर', चेहऱ्यावर हसू. आणि पगाराच्या तारखेची सगळ्यांना सारखीच घाई. त्या घाईमागचं कारण कागदावर आहे. फिलिपिनो खलाशाच्या सरकारी नमुन्याच्या करारात मूळ पगाराचा किमान ८० टक्के हिस्सा दरमहा घरच्यांच्या नावे पाठवणं बंधनकारक असतं. त्याला अॅलॉटमेंट म्हणतात. म्हणजे पगार हातात येण्याआधीच त्याची वाट ठरलेली. माणूस जहाजावर चढतो तेव्हाच त्याच्या मिळकतीचे वाटेकरी कागदावर नावानिशी लिहिलेले असतात. उरलेल्या २० टक्क्यांत आणि ओव्हरटाइमच्या पैशांत तो स्वतःचं आयुष्य बसवतो.

अल्वारबाईंचं खरं लक्ष या वाटपावर आहे. कोण गेलं, कोण राहिलं, कोणी कोणाच्या जिवावर काय शिकलं, आणि त्या बदल्यात काय ऐकून घेतलं. परदेशी राबणाऱ्या फिलिपिनो माणसावर लिहिणारे बहुतेक जण एकतर डोळ्यांत पाणी आणतात, नाहीतर त्याचा पुतळा उभारतात. इथे दोन्ही नाही. इथे हिशेब आहे, आणि तो मांडणाऱ्या बाईची नजर वाण्यासारखी पक्की आहे.

पहिल्या गोष्टीत, 'द कोन्त्राबिदा'त, तर दुकानच आहे. नायक न्यूयॉर्कच्या रुग्णालयात फार्मासिस्ट. बऱ्याच वर्षांनी मनिलाला घरी येतो कारण बाप मरणपंथाला लागलाय. बाप म्हणजे आयुष्यभर बायकोला मारणारा माणूस. आई घराला लागूनच सारी-सारी स्टोअर चालवते. फिलिपीन्समध्ये गल्लोगल्ली अशी दुकानं असतात: जाळीमागून व्यवहार, एक सुटी सिगारेट, एकावेळचा शाम्पू, वाटीभर तेल. मुलाने रुग्णालयातून वेदनाशामक पट्ट्या चोरून सामानात लपवून आणल्यात. पुढे काय होतं ते सांगणार नाही. मात्र शेवटाकडे आलात की त्या पट्ट्यांचे आकडे मागे जाऊन पुन्हा तपासाल. मी तपासले. बाईंनी पहिल्या काही पानांतच सगळं समोर ठेवलेलं असतं, आपण मुलाच्या शिकलेल्या नजरेने बघत राहतो म्हणून दिसत नाही.

या गोष्टीने मला एक जुना धागा सापडला. परदेशातून शिकून परतलेला मुलगा आणि बापाचं मरण, ही फिलिपिनो कादंबरीची अगदी मूळ मांडणी आहे. फिलिपीन्सचा राष्ट्रपुरुष होसे रिझाल याच्या १८८७ मधल्या 'नोली मे तांगेरे'ची सुरुवात अशीच होते. क्रिसोस्तोमो इबारा सात वर्षांनी युरोपातून परततो आणि बाप तुरुंगात मेल्याचं, त्याच्या प्रेताचीही विटंबना झाल्याचं त्याला कळतं. १९५६ च्या कायद्याने रिझालचं लेखन तिथल्या शाळा-कॉलेजांत शिकवणं सक्तीचं आहे, त्यामुळे आमच्या वायपरलाही इबारा ठाऊक असतो, मग त्याने परीक्षेपुरताच वाचलेला का असेना. फरक असा की इबारा शाळा बांधायचं स्वप्न घेऊन आला होता, आणि अल्वारबाईंचा नायक चोरलेलं औषध घेऊन येतो. मधल्या सव्वाशे वर्षांत परतणाऱ्याकडून देशाच्या अपेक्षा किती खाली आल्या, किंवा किती व्यवहारी झाल्या, ते यात आलं. मनिलात रिझालला ३० डिसेंबर १८९६ ला जिथे गोळ्या घातल्या ती जागा आज लुनेता बाग आहे, आणि तिच्या कडेने जाणाऱ्या कलाव रस्त्यावर खलाशांच्या भरतीचा बाजार भरतो. मॅनिंग एजन्सीची, म्हणजे जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या कंपन्यांची, माणसं हातात पाट्या धरून उभी: अमुक बोटीवर ऑइलर हवा, तमुक टँकरवर कुक. राष्ट्रपुरुषाच्या स्मारकाशेजारी नोकरीसाठी ताटकळणारी ही पोरं, यावर कोणी गोष्ट लिहिली असेल तर मला वाचायची आहे.

माझ्या मते संग्रहातली सर्वांत धारदार गोष्ट 'शॅडो फॅमिलीज'. १९८० च्या दशकातलं बहारीन. इंजिनियर आणि तत्सम नोकऱ्यांवर आलेल्या फिलिपिनो पुरुषांच्या बायका 'आम्ही' या एकाच आवाजात गोष्ट सांगतात. या बायका चांगल्या घरातल्या. सुट्टीच्या दिवशी त्या आपल्याच देशातल्या मोलकरणींना आणि मजूर पोरांना घरी बोलावतात, जेवू घालतात, कॅराओके लावतात, त्यांची लग्नं जमवायचा प्रयत्न करतात. दानधर्मही होतो आणि आपण कोण आहोत हेही पक्कं राहतं. मग बेबी नावाची एक मुलगी येते. साफसफाईच्या कामावर आलेली, पण उंच, गोरटेली, पायात उंच टाचा, आणि कृतज्ञ वगैरे अजिबात नाही. आता या 'आम्ही'ला तिचं काय करावं तेच कळत नाही. दयाही दाखवता येत नाही आणि बरोबरीला बसवताही येत नाही. शिवाय नवऱ्यांवरही लक्ष ठेवायला हवं!

बाहेरून बघणाऱ्याला सगळे फिलिपिनो सारखेच दिसतात, एकमेकांना धरून राहणारे, हसरे. जहाजावर आम्हा बाकीच्यांचाही तोच समज असतो. पण त्यांच्यातला चीफ ऑफिसर त्यांच्याच एबीशी, म्हणजे साध्या डेक-खलाशाशी, कसा बोलतो ते ऐका. परक्या खलाशावर आवाज चढवणार नाही, आपल्याच माणसाला चारचौघांत असा झाडतो की बोसन खाली मान घालून पेंट लॉकरकडे चालू लागतो. ऑफिसर्स मेस आणि क्रू मेस यांच्यामध्ये असते त्याहून जाड भिंत त्यांच्या आपापसांत असते: कोण कुठल्या प्रांताचा, कोणाचं इंग्रजी कसं, कोणाच्या नाकात स्पॅनिश आजोबा दिसतात. एकमेकांना 'काबायान', म्हणजे देशबांधव, म्हणणं एका बाजूला, आणि हे दुसऱ्या बाजूला. 'शॅडो फॅमिलीज'मध्ये ही भिंत दिसते. तीही भिंतीच्या वरच्या अंगाला बसलेल्या बायकांच्याच तोंडून, आणि त्यांना स्वतःला ती दिसत नाही. हे लिहायला फार कसब लागतं.

'द मिरॅकल वर्कर'ही बहारीनमधलीच. फिलिपिनो शिक्षिका, श्रीमंत अरब बाईची गंभीर अपंगत्व असलेली मुलगी, आणि त्या मुलीत काहीतरी चमत्कार घडावा अशी आईची हट्टी आशा. पैसे भरपूर मिळत असतील तर आशा विकावी का, असा प्रश्न. गोष्ट चांगली आहे, पण शेवटाचा टाका जरा दिसतो.

'एस्मेराल्डा' न्यूयॉर्कची. रात्री गगनचुंबी इमारतीतली ऑफिसं साफ करणारी बाई, 'तू' असं संबोधत सांगितलेली गोष्ट, आणि २००१ चा सप्टेंबर. इमारत कोणती ते वेगळं सांगायला नको. तिचं आणि तिथल्या एका अमेरिकन साहेबाचं जे काही जमतं ते मला पूर्ण पटलं नाही. पण कचऱ्याच्या डब्यांवरून माणसं ओळखण्याची तिची पद्धत अगदी पटली. इंजिन रूममध्ये बिल्ज, म्हणजे तळाशी साचलेलं तेलपाणी, साफ करणारा वायपरही असाच असतो: कोणत्या वॉचला, म्हणजे पाळीला, कोणी आळस केला ते त्याला लॉगबुक न बघता कळतं.

'लेजंड्स ऑफ द व्हाइट लेडी' सोडून दिलीत तरी चालेल. मनिलात कामासाठी आलेली अमेरिकन मॉडेल आणि पांढऱ्या साडीतल्या आपल्या हडळीसारखी तिथली पांढऱ्या कपड्यांतली भुताटकी. बालेते ड्राइव्ह या रस्त्यावरच्या त्या भुताला याहून बरी गोष्ट मिळायला हवी होती. 'द व्हर्जिन ऑफ मॉन्टे रामोन' मधला व्हीलचेअरवरचा मुलगा आणि झोपडपट्टीतली मुलगी लक्षात राहतात, पण तिथे योगायोग जास्त झालेत.

'ओल्ड गर्ल'बद्दल मात्र थांबून बोलायला हवं. बॉस्टनमध्ये राजकीय आश्रयाला असलेलं कुटुंब. नवरा माजी सिनेटर, त्याला आता मॅरेथॉन धावायची हुक्की आलीय. बायको मुलं सांभाळते, पाहुण्यांचं बघते, नवऱ्याच्या नव्या नव्या खुळांना पुरी पडते. नावं दिलेली नाहीत, पण फिलिपीन्सचा थोडाही इतिहास ठाऊक असणाऱ्याला कळतं की हे हुकूमशहा मार्कोस यांचे विरोधक निनोय आणि त्यांची बायको कोरी आक्विनो. २१ ऑगस्ट १९८३ ला निनोय मनिलाला परतले आणि विमानतळावरच त्यांना गोळी घातली गेली. १९८६ मध्ये तीच बायको राष्ट्राध्यक्ष झाली. गोष्ट मात्र त्या सगळ्याच्या आधी, घरातच थांबते. नवरा पळतोय आणि बायको मागचं आवरतेय, एवढंच. इतिहासाचा एकही ढोल नाही.

मला यात गोष्टीबाहेरचं काहीतरी दिसत राहिलं. याच कोरी आक्विनोंनी राष्ट्राध्यक्ष म्हणून १९८८ मध्ये हाँगकाँगमधल्या फिलिपिनो मोलकरणींसमोर बोलताना त्यांना 'बागोंग बायानी', म्हणजे नव्या युगाच्या वीरांगना, म्हटलं. तो शब्द आजही सरकारी भाषणांत येतो. आणि ज्या विमानतळावर निनोय पडले, त्याला त्यांचंच नाव दिलेलं आहे. तिथूनच आमचे खलाशी, नर्स, मोलकरणी सगळे निघतात, आणि तिथेच परततात, नाव-पत्ता मार्करने ठळक लिहिलेली, टेपने करकचून बांधलेली बालिकबायान, म्हणजे घरी परतणाऱ्यांची, खोकी ओढत. दुसऱ्याच्या मागे आवरत राहणाऱ्या बाईनेच आवरणाऱ्या बायकांना वीर म्हणावं, हा दुवा अल्वारबाईंनी कुठेही बोलून दाखवलेला नाही. मी माझ्या जबाबदारीवर जोडतोय.

शेवटची, पुस्तकाला नाव देणारी गोष्ट म्हणजे जवळजवळ लघुकादंबरीच. मिलाग्रोस नावाची नर्स, १९७१ चा नर्सांचा संप, पत्रकार नवरा, मग राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आणि नवऱ्याचा तुरुंगवास. गोष्ट १९७१ आणि १९८६ यांच्यामध्ये पुढेमागे होत राहते, त्यामुळे सुरुवातीला वर्षं नीट बघत वाचा. बरोबरीच्या नर्सा अमेरिकेला जात असताना ही बाई देशातच राहते. एवढ्या सगळ्या जाणाऱ्यांच्या पुस्तकात सगळ्यात लांब गोष्ट राहणाऱ्या बाईला दिली आहे, आणि राहण्याची किंमत जाण्याहून कमी नसते हे ती पानापानाने मोजून दाखवते. मार्शल लॉ सप्टेंबर १९७२ मध्ये जाहीर झाला, आणि १९७४ मध्ये त्याच मार्कोस सरकारने कामगार कायदा आणून परदेशी नोकरभरती सरकारी यंत्रणेखाली घेतली. बोलणाऱ्यांना आत टाका, कमावणाऱ्यांना बाहेर पाठवा. गोष्टीत हे असं ठोकून लिहिलेलं नाही, पण नवरा आत आणि मैत्रिणी बाहेर, हे चित्र बोलतंच.

पुस्तक निघालं तेव्हा हा भाग इतिहास म्हणून वाचला गेला असणार. ३० जून २०२२ ला मार्कोस यांचा मुलगा राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर तो तसा वाचता येत नाही. त्या निवडणुकीच्या सुमाराला आमच्या क्रू मेसमध्ये दोन टेबलं झाली होती. उघड भांडण नाही, फक्त कोण कोणाजवळ बसतं ते बदललं. मार्कोस यांच्याच इलोकोस भागातला पंपमन एका टेबलावर, कुक दुसऱ्या, आणि कुक विरोधी टेबलावर असल्यामुळे पंपमनच्या ताटात आदोबो या मांसाच्या पदार्थाचे तुकडे मोजके येऊ लागले. चीफ इंजिनियरना मध्ये पडावं लागलं.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे जहाजाबद्दलची माझी तक्रार अर्धी मागे घेतली. 'अ कॉन्ट्रॅक्ट ओव्हरसीज'. भाऊ सौदीत ड्रायव्हर म्हणून जातो. त्याच्या पैशावर धाकटी बहीण मनिलात कॉलेजला जाते, तिथे लेखन शिकते, आणि लिहायला विषय हवा म्हणून भावाचंच आयुष्य घेते. तिला सौदीबद्दल ठाऊक काय? भावाने सांगितलं तेवढं. उरलेलं ती रचते, आणि तिचं रचलेलं भावाच्या सांगण्यापेक्षा सुबक असतं. गेलेला माणूस राबतो, त्याची गोष्ट राहिलेला माणूस लिहितो. भावाला लिहायला ना वेळ, ना ताकद. शिवाय तो स्वतः खरं सांगतच नाही. जहाजावर मी हे डोळ्यांनी बघतो. दोन रात्री पंपाखाली घालवलेला माणूस आंघोळ करून, स्वच्छ टी-शर्ट घालून, केबिनमधला त्यातल्या त्यात नीटनेटका कोपरा निवडून व्हिडिओ कॉल लावतो. घरच्यांना दिसतं ते तेवढंच. त्यांनी त्यावरून जे काही रचायचं ते रचावं.

मग जहाजावरची गोष्ट या पुस्तकात का नाही, याचं उत्तर पुस्तकातच आहे: ती गोष्ट ज्याच्याकडे आहे तो वॉचवर असतो. अल्वारबाईंनी हे प्रामाणिकपणे मान्य करून त्याचीच गोष्ट केली, हे मला सगळ्यात आवडलं. दुसऱ्याच्या घामावर शिकून त्याच घामाची कथा लिहिणाऱ्या बहिणीला त्या सुटू देत नाहीत, आणि त्या बहिणीत लेखिका स्वतःलाही मोजत असणार असा माझा अंदाज.

आमच्या फिटरला ही गोष्ट मी थोडक्यात सांगितली. इलोइलोचा आहे, त्याच्या पैशावर दोन बहिणी शिकल्यात. तो लेथवर काहीतरी घासत होता, हात न थांबवता ऐकत होता. शेवटी विचारलं, "सेकंड, त्या बहिणीला लिहिण्याचे पैसे मिळाले का? आणि मिळाले तर भावाला किती पाठवले?" टक्केवारीत उत्तर हवं होतं त्याला.

उणिवा सांगायच्या तर बाईंचं गद्य कधीकधी फारच इस्त्री केलेलं वाटतं. अमेरिकन लेखन-वर्गात तासलेल्या गोष्टींना जो एक गुळगुळीतपणा येतो तो इथेही आहे. सात-आठ गोष्टी सलग वाचल्या की शेवटाला कलाटणी कुठे येणार याचा वास येऊ लागतो. पुरुष बहुतेक वेळा बायकांच्या नजरेतूनच दिसतात, आणि हातांनी काम करणारे पुरुष तर त्याहून लांबून. विनोद कमी आहे. फिलिपिनो माणसं स्वतःच्या दुर्दशेवर जेवढं हसतात त्याच्या दहावा हिस्साही इथे नाही, आणि हे मला खटकलं, कारण ते हसणं म्हणजे फक्त 'ओके सर'चं हसू नव्हे. मेसमध्ये आमची टवाळी त्यांच्या भाषेत चालते तेव्हा ते वेगळंच हसतात.

इंग्रजी सोपं आहे. तागालोग शब्द मध्येमध्ये येतात, त्यांची फोड केलेली नाही, पण अडत नाही. क्रमाने वाचू नका: आधी 'शॅडो फॅमिलीज', मग 'द कोन्त्राबिदा', मग 'अ कॉन्ट्रॅक्ट ओव्हरसीज'. या तीन आवडल्या नाहीत तर पुस्तक बाजूला ठेवा, उरलेल्या सहा तुमचं मत बदलणार नाहीत. आवडल्या तर शेवटची लांब गोष्ट सुट्टीच्या दिवसासाठी राखा. मी ती बारा ते चारच्या वॉचआधी सुरू केली, आणि मग कंट्रोल रूममध्ये चार वाजेपर्यंत अलार्म पॅनलकडे बघत मिलाग्रोसच्या नवऱ्याचाच विचार करत होतो.